वरचं बटण एक सूत बाहेर

माझा दादा शर्ट शिवतो. म्हणजे शिवतात कारागीर, दादा कापतो. चाळीस वर्षं एकाच टेबलापाशी उभा राहून कापतोय. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत, कारण मी पडद्यामागे बसते. काजं करायची, बटणं लावायची, खालची तुरपाई घालायची, हे माझं काम. शर्टावर शेवटचा हात माझा फिरतो, मग इस्त्री आणि मग गिऱ्हाईक. त्यामुळे शर्टात खोट असेल तर ती आधी मला कळणार, अशी माझी घमेंड होती. तोंडाची मी फटकळ आहे, कुणालाही विचारा. पण जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे दोन वर्षं मूग गिळून बसले. गोष्ट दादाची आहे, पण मला वगळून ती सांगता यायची नाही.

लग्नानंतर वर्षाच्या आत मी नवऱ्याचं घर सोडून आले, तेव्हा दादानं 'का' म्हणून विचारलं नाही. चहा पाजला, दुकानात नेलं आणि हातात सुई दिली. "काजं शीक. त्याला कुणी तयार होत नाही," एवढंच बोलला. वहिनीनंही कधी तोंड वाकडं केलं नाही. ती जाऊन आता सात वर्षं झाली. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यात दादा, त्याचा मुलगा, सून आणि मी. मुलगा विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन. एवढ्या मोठ्या दाबाच्या तारा हाताळतो आणि घरात झुरळ निघालं की बायकोला हाक मारतो.

दादाच्या कामाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की दादाला त्याचं सगळं दिसतं. एक खांदा पडलेला, पाठीला पोक, पोट डावीकडे जास्त. पण तो अक्षर बोलत नाही. मापवहीत त्या आकड्याशेजारी एक बारीक टिंब देतो, बस. मग कापताना तिथे जरा कापड सोडतो, एक अस्तर जास्त घालतो, आणि शर्ट घालून माणूस सरळ दिसतो. 'खोड गिऱ्हाइकाला सांगायची नाही आणि कापडावर दिसू द्यायची नाही.' नव्या कारागिराला पहिला धडा हाच. मीही हाच शिकले.

तीन वर्षांपूर्वी दादा वाळायला लागला. खायचा दुप्पट, अंगाला लागायचं नाही काही. थंडीत पंखा लावून बसायचा. ज्यानं जन्मात कुणाला 'अरे' केलं नाही, तो एका जुन्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "पटत नसेल तर दुसरीकडे जा." आम्ही म्हटलं, वय झालं, एकटा पडलाय, होतं माणूस चिडकं. मग एक दिवस टेबलावर कोटाचं लोकरी कापड पसरलेलं असताना त्याची कात्री भलतीकडे गेली. चांगली बोटभर. त्यानं कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हात समोर धरले. हात थरथरत होते. दुकानातली सगळी यंत्रं थांबली. दादा हातांकडे असा बघत होता की ते दुसऱ्याच कुणाचे असावेत.

डॉक्टर म्हणाले, गळ्यात थायरॉइड म्हणून ग्रंथी असते, तिच्यात गाठी झाल्यात आणि त्या नको तितकं काम करतायत. मी म्हटलं, "डॉक्टर, ही लागण आमच्या कारागिरांना लावता येईल का?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी द्यायची. त्या गाठी आयोडीन खातात, आणि ते खाल्लं की आतून मरतात. सुरी नाही, टाके नाहीत. दादाला ते पटलं. कापाकापी त्याला स्वतःच्या हातची बरी वाटते, दुसऱ्याच्या हातची नाही.

गोळी घेतली त्या दिवशी मी बरोबर होते, पण मला दाराबाहेर ठेवलं. दादानं नंतर सांगितलं, गोळी शिशाच्या जाड डबीत होती. देणाऱ्यानं ती लांब चिमट्यानं काढली, पेल्यात टाकली आणि स्वतः मागे सरकून उभा राहिला. "गिळा," म्हणाला. दादा हे सांगताना हसला होता. मीही हसले. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे. जे औषध देणारा चिमट्यानं धरतो ते आपल्या पोटात गेलंय, हे त्या माणसाच्या मनात कुठवर रुतलं असेल, याचा मी विचारच केला नाही.

सोबत एक कागद दिला होता. तीन आठवडे लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. सूनबाईला तेव्हा चौथा महिना होता. ती त्याच सकाळी तिच्या आईकडे गेली. तीन आठवड्यांनी तिला आणायची, तर दादाच म्हणाला, "राहू दे तिकडे. बाळंतपण तिकडेच होऊ दे." ती राहिली.

इकडे दादा सुधारला. दोन महिन्यांत हात थांबले. चार महिन्यांत त्यानं पुन्हा लोकरी कापड कापलं, आणि मी पडद्यामागे डोळे पुसले. सहा महिन्यांनी तो तपासणीला एकटाच गेला. मी म्हटलं येते, तर म्हणाला, "मी काय शाळेत चाललोय?" परत आला तो गप्प होता. म्हटलं, काय म्हणाले? "सगळं ठीक. रक्त ठीक. आता ग्रंथी आळशी झाली, म्हणून रोज सकाळी एक गोळी." एवढंच. दोनच आठवड्यांपूर्वी सूनबाईला मुलगी झाली होती. गोल गरगरीत, जावळ भरपूर. तिला आम्ही ठकी म्हणतो.

ठकी तीन महिन्यांची झाली तशी तिला घरी आणली, आणि तिथून घरात कुसळ शिरलं. दादा तिला हात लावेना. मुलानं पुढे केली तर म्हणे, "माझे हात खडूचे आहेत." हात धुऊन ये म्हटलं तर म्हणे, "गिऱ्हाईक थांबलंय." रात्री जेवताना ताट घेऊन खिडकीशी बसायचा. आधी झोपायचा वर, बाहेरच्या खोलीत. आता म्हणाला दुकानात झोपतो, वर उकडतं. ठकी रांगत त्याच्याकडे निघाली की हा उठून दुसरीकडे. लांबून मात्र टकामका बघत बसायचा. तिची झबली सगळी त्यानंच कापली. कापडाच्या तुकड्यांतून अशी झबली कापायचा की दुकानातल्या काचेत लावावीत. पण तिला घालून बघायची तर माप सुनेनं सांगायचं, यानं नाही घ्यायचं.

सूनबाई भांडणारी नाही, पण तिच्या ओठांची एक सरळ रेघ झाली ती झालीच. एकदा भाजी चिरता चिरता मला म्हणाली, "आत्या, मुलगा असता तर मांडीवरून खाली ठेवला नसता ना?" मलाही तेच वाटत होतं. मी तशीच खाली गेले आणि दादाला फाडून काढला. "मुलगी झाली म्हणून तोंड फिरवतोस? लाज नाही वाटत? मी बाईच आहे ना? माझ्या हातात सुई देताना नव्हतं काही वाटलं?"

तो खडूनं रेघ मारत होता. रेघ पुरी केली आणि म्हणाला, "तसं समज."

ते दोन शब्द मी वर्षभर उगाळले. आपल्याच भावाचा असा राग येऊ नये, पण आला. त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागले. आणि ह्याच दिवसांत ते बटणाचं चालू होतं.

दादा स्वतःचे शर्ट स्वतः कापतो. आपलं माप आपल्याला धड घेता येत नाही, म्हणून जुना शर्ट पसरून त्यावरून कापतो आणि लागेल तिथे कमी-जास्त करतो. शर्ट माझ्याकडे आला. कॉलरच्या बटणाच्या जागेवर खडूची खूण नेहमीपेक्षा जरा कडेला. "वरचं बटण एक सूत बाहेर घे," पडद्यापलीकडून म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमचं सगळं जग त्या सुतात चालतं. मी म्हटलं, बरं. आजारातून उठलेला माणूस, अंग धरतोय, गळा भरला असेल. पाच महिन्यांनी पुढचा शर्ट, पुन्हा एक सूत. त्याच्या पुढच्याला दोन. मी बटणं लावत गेले. एकदा मनात आलं, विचारावं. पण आमचा तो पहिला धडा, खोड सांगायची नाही, तो हाडात भिनलेला. आणि खरं सांगू? मी रागावलेली होते. म्हटलं, वाढू दे त्याचा गळा, मला काय करायचंय. हे वाक्य मी मनातल्या मनात म्हटलंय. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

गेल्या वर्षाच्या शेवटी चौथा शर्ट आला. पांढरा, बारीक रेघेचा. "वरचं बटण दोन सूत बाहेर."

या वेळी बाहेर घ्यायला जागाच उरली नव्हती. पट्टीची कड आली. मी शर्ट तसाच ठेवला आणि वर जाऊन दादाचे आधीचे तीन शर्ट आणले. दुपारची वेळ, कारागीर जेवायला गेलेले. कटिंगच्या टेबलावर चारही शर्ट ओळीनं पसरले आणि टेप लावला. आधी छाती मोजली. पहिल्या आणि दुसऱ्यात फरक, मग दुसऱ्यापासून तिन्हींत तीच. पोट तेच. बाह्या, दंड तेच. अंग केव्हाच भरायचं थांबलं होतं. वाढत होता तो फक्त गळा, चार शर्टांत मिळून पाऊण इंच. काजं-बटणं करणारी बाई मी, पाऊण इंच माझ्या बोटांखालून गेला आणि मी प्रत्येक वेळी 'बरं' म्हटलं.

दादा आत आला. टेबल बघितलं आणि जागीच उभा राहिला.

"काढ बटण," मी म्हटलं.

"काय चाललंय तुझं?"

"वरचं बटण काढ, नाहीतर मी काढते. लहान बहीण आहे, लाजू नकोस."

त्यानं काढलं. उजेडाकडे मान केली. मी इतकी वर्षं त्याच्याजवळ बसते, पण ह्या माणसाचा गळा उघडा मी शेवटचा कधी पाहिला होता? कॉलर इतकी बेमालूम कापलेली की बाहेरून मान सरळ. आत डाव्या बाजूला लिंबाएवढा उंचवटा. त्यानं थुंकी गिळली तसा तो वर सरकला आणि खाली आला.

"ही कधीची?"

"जुनीच. सहा महिन्यांच्या तपासणीलाच म्हणाले होते, गाठी राहिल्यात म्हणून."

"कुणाला सांगितलंस?"

तो कॉलरचं बटण पुन्हा लावायला लागला.

"दादा, तू गिऱ्हाइकाची खोड झाकतोस तशी स्वतःची झाकलीस? आणि माझ्याच हातानं?"

"रक्त ठीक येतंय दरवेळी," तो म्हणाला. "गोळी वेळेवर घेतोय. उगाच बोभाटा कशाला? झाकली मूठ..."

"मुठीत काय आहे ते आधी कळू दे!" मी एवढ्यानं ओरडले की वरून सूनबाई जिन्यात आली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेले. दुकान बंद ठेवलं. चाळीस वर्षांत वहिनी गेली तेव्हा चार दिवस बंद होतं, त्यानंतर हे. आधीचे डॉक्टर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक बाई होत्या. माझ्यासारख्याच तापट. त्यांनी गळ्यावर यंत्र फिरवून पडद्यावर पाहिलं, जुने कागद काढले, आणि चष्मा टेबलावर ठेवला. "दर वर्षी सोनोग्राफीला या असं इथे लिहिलंय. कुठे होता तुम्ही?"

"रक्त तपासत होतो," दादा म्हणाला.

"रक्त गाठ किती मोठी झाली ते सांगत नाही हो!" मग त्यांनी श्वास घेतला आणि आम्हाला नीट समजेल असं सांगितलं. आयोडीन दिल्यावर गाठी मरतात, पण नाहीशा होतातच असं नाही. बऱ्याच लोकांच्या राहतात. आक्रसतात आणि तशाच पडून राहतात, त्यानं काही बिघडत नाही. दादाच्या उजवीकडच्या दोन तशाच होत्या, निम्म्या झालेल्या. पण डावीकडची वेगळी. ती मुळात आयोडीन खाणारी नव्हतीच. जिनं खाल्लं ती मेली, हिनं खाल्लं नाही म्हणून हिला काहीच झालं नाही. "तेव्हा लहान होती. आता दुपटीहून मोठी झालीय आणि कड नीट दिसत नाही. उरलेली गाठ गप्प असेल तर असू दे. वाढत असेल तर तिला विचारायचं, तू कोण."

सुई घालून पाणी काढलं. आठ दिवस माझा जीव टांगणीला. मी सोळा काजं उलट्या बाजूनं केली, ती सगळी उसवली. निकाल आला तोही धड नाही. पेशी बदललेल्या दिसतात. आयोडीन घेतलेल्यांच्या तशा कधी कधी दिसतात, नाहीतर कर्करोगाच्याही दिसतात. खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून ऑपरेशन करून सगळी ग्रंथीच काढावी. बाई म्हणाल्या, "विचार करायला आठवडा घ्या. महिने घेऊ नका."

मला वाटलं दादा टाळेल. तो खुर्चीच्या कडेला सरकला. सदऱ्याची कड बोटांनी चाचपत होता, जशी तो गिऱ्हाइकाच्या कापडाची चाचपतो.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "ह्या सगळ्या काढल्या, तर मग मला पोरीला उचलता येईल?"

"कुठली पोर?"

"नात आहे. सव्वादोन वर्षांची."

"आता कोण नको म्हणतंय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "गाठी राहिल्यात ना. ते औषध गाठींनी खाल्लं. म्हणजे ते गाठींतच आहे. कागदावर लिहिलं होतं, मुलांपासून लांब. मी म्हटलं, गाठी आहेत तोवर लांब."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. डॉक्टरीणबाईंचा तापट चेहरा कुठल्या कुठे गेला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, ते दोन-तीन महिन्यांत संपून गेलं. गाठी राहिल्या, पण त्यांच्यात काही राहिलं नव्हतं. तुम्ही तिला जन्मल्या दिवसापासून घेऊ शकत होता."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"कुणी सांगितलं नाही," दादा म्हणाला.

"तुम्ही विचारलंत का?"

तो 'नाही' म्हणाला, अगदी शाळेतल्या मुलासारखा. आणि मग माझा दादा रडला. वहिनी गेली तेव्हा कोपऱ्यात रडला होता, हा उघड्यावर रडला. मला सगळं एकदम लख्ख दिसलं. 'तसं समज' म्हणाला तेव्हा त्यानं काय केलं होतं ते. मुलगी नको असलेला सासरा म्हणून शिव्या खाल्ल्या, पण गाठी राहिल्यात हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सून पोरीला घेऊन पुन्हा आईकडे गेली असती, आणि मग लांबूनही दिसली नसती. एवढ्यासाठी कॉलरी कापल्या. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, तसं भीतीचं झालं. जिथे काही नव्हतं तिथे दोन वर्षं पहारा दिला, आणि जिथे होतं तिथे कॉलर चढवली.

घरी येऊन मी सूनबाईला सांगितलं. मला वाटलं होतं ती डोळ्यांना पदर लावेल. ती भडकली. पातेलं ओट्यावर आपटलं. "मग बोलायचं नाही? तोंड दिलंय ना देवानं? आत्या, मी माझ्या आईजवळ यांना काय काय बोललेय तुम्हाला माहीत नाही. माझ्या पोरीला मी मनात सांगत आलेय, आजोबांकडे जाऊ नकोस, त्यांना तू नको आहेस. ते मी आता कुठून परत घेऊ?" मग ती तिथेच फरशीवर बसली आणि मीही तिच्याशेजारी बसले. दूध उतू गेलं, ते दोघींनी पाहिलं आणि कुणी उठलं नाही.

ऑपरेशन झालं. गळ्याला आडवा टाका पडला, आवाज आठवडाभर घोगरा होता. मुलगा रजा काढून बसून होता. दहा दिवसांनी अंतिम निकाल आला. डावीकडची गाठ कर्करोगाचीच निघाली, आणि शेजारच्या एका बारीक लसीका-ग्रंथीपर्यंत पोचली होती. मी बाईंना स्पष्ट विचारलं, दोन वर्षांपूर्वी आला असता तर? त्या म्हणाल्या, "ते विचारून काय करणार आहात?" म्हणजे काय ते मला कळलं. दादालाही कळलं असणार, त्यानं माझ्या हातावर नुसतं थोपटलं. मी म्हटलं, मला काय थोपटतोस, मीच बटणं लावली. तो म्हणाला, "गप." पुढे बाई म्हणाल्या, हा प्रकार बऱ्यापैकी आटोक्यात येणारा आहे, पण पुन्हा आयोडीन द्यावं लागेल. या वेळी मोठी मात्रा, तीन दिवस दवाखान्यात बंद खोलीत, आणि नंतर तीन आठवडे लहान मुलांपासून लांब.

"या वेळी खरंच तीन आठवडे ना?" दादानं विचारलं.

"तीन आठवडे. बाविसाव्या दिवशी घ्या मांडीवर. मी लिहून सही करून देते."

तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. म्हणजे पाच आठवडे आमच्या हातात होते. दादा वर राहायला आला. रोज जमिनीवर बसायचा, ठकीच्या बाहुलीला चिंधीचा झगा शिवून द्यायचा, हात पुढे करायचा. "ये की गं." ठकी झगा घ्यायची आणि आईच्या पायांमागे जायची. पोरीचा काय दोष? तिच्या लेखी आजोबा म्हणजे खिडकीजवळच्या स्टुलावर बसणारा माणूस. भिंतीवर घड्याळ असतं तसा तो तिथे असतो. तो तिथून उठून जवळ आला की तिला भीती वाटायची. सूनबाईनं गोडीत सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा बळंच मांडीवर ठेवली तर पोर किंचाळून निळी पडली आणि दादाच म्हणाला, "घे, घे, नको." चौथ्या आठवड्यात सूनबाई माझ्या नकळत दवाखान्यात जाऊन आली, तारीख थोडी पुढे ढकलता येईल का विचारायला. बाई म्हणाल्या, नको, आधीच खूप वेळ गेलाय.

आदल्या दिवशी दुपारी मी दादाची पिशवी भरत होते. सूनबाई आतून आली. ठकी तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली. ती दादाजवळ बसली आणि झोपलेली पोर अलगद त्याच्या मांडीवर दिली.

दादा हलेना. पाठ भिंतीला टेकवली नाही, पाय बदलला नाही. ज्या हातांनी चाळीस वर्षं कापड हाताळलं, ते कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. मग एक हात त्यानं तिच्या पाठीखाली घातला आणि दुसरा तिच्या डोक्याशी. ठकीनं झोपेतच त्याच्या बोटाला धरलं. घोगऱ्या आवाजात तो मला म्हणाला, "गरम असते गं. मला वाटलं नव्हतं एवढी गरम असेल." सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तासभर आम्ही कुणी भांडं वाजवलं नाही.

मग ठकी उठली. डोळे उघडले. वर पाहिलं, गळ्याचा टाका पाहिला, त्याचा चेहरा पाहिला. ती रडली नाही. मांडीवरून सावकाश उतरली, दोन पावलं मागे गेली आणि खिडकीजवळच्या स्टुलाकडे बोट करून म्हणाली, "आबा, तिथे बस."

दादा म्हणाला, "हो गं बाई," आणि उठून तिनं दाखवलेल्या जागी जाऊन बसला.